कान्होजीचा हात

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात जाऊन सुलोचनाबाईंचं पगड्यांचं दुकान कुठे असं विचारलंत, तर पानवाला उलट तुम्हालाच विचारेल, "मतलब, कान्होजीचं ना?" आणि हे सुलोचनाबाईंच्या कानावर पडलं, की त्यांच्या अंगाचा तिळपापड होतो. व्हायलाच हवा. दुकान त्यांचं, कापड त्यांचं, बोटं त्यांची, आणि नाव कोणाचं, तर कान्होजीचं. बरं, हा कान्होजी जन्माला आलेला माणूस असता तर दोन शब्द सुनावता तरी आले असते. तो जन्मालाच आलेला नव्हता. बाईंनीच तो तयार केला होता, तोही उभ्या उभ्या, अर्ध्या मिनिटात.

झालं असं. अकरा वर्षांपूर्वी त्यांचे यजमान सदाशिवराव गेले. लष्करातल्या मराठा घरांत लग्न म्हटलं की नवरदेवाच्या डोक्यावर शिंदेशाही पगडी हवीच, आणि ती बांधायची सदाशिवरावांनीच. पातळ, लांबलचक चंदेरी कापड घ्यायचं, त्याला पीळ देत देत लाकडी ठोकळ्यावर वेढे चढवायचे आणि एका बाजूला असं काही टोक काढायचं, की काडीपैलवान नवरदेवसुद्धा सरदार दिसावा. आता आतली गोष्ट सांगते. सदाशिवरावांचे हात शेवटची पंधरा-वीस वर्षं कापत होते. ते पुढे गिऱ्हाइकाशी गप्पा मारत बसायचे, आणि पडद्याआड पगडी बांधायच्या सुलोचनाबाई. पण हे घरातल्या घरात.

तेरावं झालं आणि संभाजीराव समाचाराला आले. संभाजीराव म्हणजे आपल्या भाऊबंदांत सगळ्यांत वडील. कानापर्यंत मिशा, खर्जातला आवाज. लष्करातली अठरा मराठा घरं त्यांनी मान हलवली की मान हलवतात. त्यांनी विचारलं, "आता पगड्यांचं कसं करायचं, बाई?"

सुलोचनाबाई "मी बांधते की" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात संभाजीरावच पुढे म्हणाले, "शुभकार्य असतं. विधवेचा हात लागून चालत नाही. तुम्हाला वाईट वाटून घेऊ नका."

वाईट? अहो, बाईंच्या मस्तकात तिडीक गेली. पण अठरा घरं हातची गेली तर दुकानाला कुलूप, हेही त्याच क्षणी कळलं. उघडलेलं तोंड तसंच ठेवून त्या म्हणाल्या, "वाईट कशाला वाटेल, काकासाहेब? कारागीर आणलाय ना चंदेरीहून. कान्होजी नाव त्याचं. आत बसलाय."

"आत?" संभाजीरावांनी पडद्याकडे पाहिलं. "बोलवा की."

"तो कोणासमोर येत नाही. भारी लाजाळू आहे. आणि पगडी बांधताना मौन पाळतो."

मौन हा शब्द ऐकून संभाजीरावांनी चक्क हात जोडले. पडद्याला.

झालं, तेव्हापासून पडद्यामागे कान्होजी राहायला आला. सकाळी चहाचे दोन कप आत जायचे आणि दोन्ही बाईंना प्यावे लागायचे. गुरुवारी बाईंचं भजनी मंडळ, म्हणून कान्होजीचा गुरुवारी उपास आणि काम बंद. बाईंना सर्दी झाली की कान्होजीला ताप यायचा. दर दसऱ्याला संभाजीराव कान्होजीसाठी धोतरजोडी पाठवायचे. ती नेसायचे बाईंचे धाकटे दीर मुकुंदराव. हे पडाव भागात एका ट्रान्सपोर्ट कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले, आणि त्यांना कोणतंही फुकटचं धोतर चालत असे. एकदा तर कमालच झाली. संभाजीरावांनी कान्होजीसाठी मुलगी आणली. स्थळ! चांगली शिकलेली, शिवपुरीची. बाईंनी घाईघाईने कान्होजीला ब्रह्मचर्याचं व्रत देऊन टाकलं, आणि त्याचा मान आणखीच वाढला.

सुरुवातीला बाईंना या सगळ्याची मजा वाटायची. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या एकट्याच हसायच्या. पण हळूहळू हसू आटलं. जो येईल तो म्हणे, "काय हात आहे कान्होजीचा!" कोणी म्हणे, "सदाशिवरावांपेक्षाही सफाई आहे." आणि बाईंना म्हणत, "तुम्ही नशीबवान हो, असा माणूस मिळाला." एका दुपारी बाईंनी पडदा सारला आणि रिकाम्या कोपऱ्याला खडसावलं, "फार शेफारलायस तू!" त्यांना त्याचा हेवा वाटत होता. जो माणूस नाहीच, त्याचा हेवा करण्याची वेळ यावी, याला काय म्हणावं?

या वर्षी शहराच्या कंपू भागात एका रिकाम्या मैदानात सिनेमावाले आले. त्यांना उभं करायचं होतं साडेतीनशे वर्षांपूर्वीचं बंदर, गोऱ्यांच्या कंपनीने नुकतंच वसवलेलं. वखार, तटबंदी, आणि तटाखाली दुकानांची रांग. ग्वाल्हेरात बंदर! जिथे पाणी बघायचं तर नळाला येईल तेव्हा. पण त्यांनी मैदानाच्या टोकाला हिरवंगार कापड ताणलं आणि सांगितलं, की समुद्र नंतर कॉम्प्युटरवर भरला जाईल. बाजार सजवण्याचं सगळं काम श्रुती नावाच्या मुलीकडे होतं. ही मूळची इथलीच, शिक्षण बाहेर झालेलं, आणि बोलताना मराठीत निघून हिंदीत पोचणारी. तिचा एक हट्ट होता. दुकानदाराच्या वेशात नट बसवायचे नाहीत. खरे कारागीर आणायचे. "नटांचे हात खोटे दिसतात, काकू. दोरखंडवाल्याने दोर वळला तर तो वळताना दिसला पाहिजे, समझे ना?"

मग काय, अर्धा बाजार बंदरावर नोकरीला लागला. मसालेवाला बसला तो बसलाच, आणि चित्रीकरण चालू असताना त्याने कंपनीच्या गोऱ्या साहेबाला अर्धा किलो हळद खरोखरीची विकली. तांबटाने दोन दिवसांत सिनेमावाल्यांकडून घंगाळांच्या तीन ऑर्डरी घेतल्या. पिंपं करणारा कोणी मिळेना, म्हणून कूलरच्या टाक्या दुरुस्त करणाऱ्याला बसवलं. तो इतका रंगला, की मध्यंतरातसुद्धा पिंपावरून उठेना. पगड्या अर्थातच सुलोचनाबाईंच्या दुकानातून गेल्या, आणि बाईंनी गुजराती सावकारापासून अरबी खलाशापर्यंत जो दिसेल त्याला शिंदेशाही दिली. श्रुती म्हणाली, "काकू, त्या काळात शिंदे होते का?" बाई म्हणाल्या, "त्या काळात इथे समुद्र होता का?"

इथपर्यंत ठीक होतं. पण श्रुतीला हवा होता कान्होजी. बंदरावरचा बडा व्यापारी पगडबंदाच्या दुकानात येतो आणि पगडबंद त्याच्या डोक्यावर पगडी चढवतो, असा प्रसंग होता. व्यापारी कोण? मिशांमुळे संभाजीराव! बाईंनी नेहमीप्रमाणे सांगून पाहिलं, की कान्होजी गावी गेलाय. पण या वेळी संभाजीराव स्वतः दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले.

"अकरा वर्षं झाली, बाई. माणूस डोळ्यांनी पाहिला नाही. परवा शूटिंग आहे, आणि तेरवा आमच्या नातवाचं, अंशुलचं लग्न. पगडी तुम्ही पेटीत घालून पाठवलीत, मिळाली, छान आहे. पण कान्होजी परवा समोर आला नाही, तर मी समजेन की काहीतरी काळंबेरं आहे. मग ती पेटी परत येईल. आणि आमच्या घरातून परत आली म्हणजे..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. एक पेटी परत आली की अठरा घरांची कामं गेली, आणि दुकान गेलं.

संभाजीराव गेल्यावर बाईंनी मुकुंदरावांना बोलावलं. "भाऊजी, अकरा वर्षं त्याची धोतरं नेसलात. आता एक दिवस कान्होजी व्हायचं."

मुकुंदरावांचा चेहरा पडला. "वहिनी, संभाजीराव मला लहानपणापासून ओळखतात. आणि मला बुटाची लेससुद्धा नीट बांधता येत नाही."

दोन्ही अडचणी खऱ्या होत्या. शेवटी बाईंनी श्रुतीला विश्वासात घेतलं आणि सगळं सांगून टाकलं. ती पोरगी हसता हसता खाली बसली. "काकू, ये तो हमारी फिल्म से भी अच्छा है!" मग तिनेच युक्ती काढली. मुकुंदरावांना छातीपर्यंत दाढी चिकटवायची. त्यांच्या अंगात तंबूएवढा अंगरखा, आणि त्याच अंगरख्यात पाठीमागून सुलोचनाबाई. मुकुंदरावांनी आपले हात मागे बांधून ठेवायचे आणि बाह्यांतून हात काढायचे बाईंनी. संभाजीराव पुढे स्टुलावर, कॅमेऱ्याकडे तोंड करून. त्यांना मागचं दिसणार नाही. पगडी पाऊण आधीच बांधलेली, फक्त शेवटचे चार वेढे डोक्यावर चढवायचे. बाईंना ते डोळे मिटूनही आले असते.

मे महिन्याची दुपार. एका अंगरख्यात दोन माणसं. कल्पना करा. मुकुंदराव घामाने निथळत होते आणि दाढीचा डिंक पाघळत होता. "वहिनी, गुदमरतोय," ते कुजबुजले. "कान्होजीचं मौन असतं," आतून उत्तर आलं.

कॅमेरा सुरू झाला. बाह्यांतून दोन हात बाहेर आले आणि कापडावरून असे फिरू लागले, की दोरखंडवालासुद्धा दोर सोडून बघत राहिला. पहिला वेढा चढला, दुसरा चढला. संभाजीरावांचे डोळे समाधानाने मिटले. "वा, कान्होजी!" ते पुटपुटले. "काय हात आहे!" अंगरख्याच्या आत बाईंनी दात खाल्ले.

आणि मुकुंदरावांना शिंक आली. साधीसुधी नव्हे, पडावच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात तीस वर्षं धूळ खाल्लेल्या माणसाची शिंक. दाढी सुटली आणि थेट कापडावर जाऊन पडली. बाईंना दिसत तर काहीच नव्हतं. हाताला काहीतरी मऊ लागलं, कापडाचीच चुणी असेल म्हणून त्यांनी ते दाबून पिळात घेतलं, आणि शेवटचे दोन वेढे झोकात पूर्ण केले. पगडी सुरेख बसली. फक्त तिच्यातून संभाजीरावांच्या कपाळावर वीतभर काळी दाढी लोंबत होती.

आधी पिंपावरचा कूलरवाला हसला. मग सगळं बंदर हसलं. संभाजीरावांनी कपाळाला हात लावला, केस हाताला लागले, ते गर्रकन वळले. समोर सफाचट हनुवटीचे मुकुंदराव, आणि त्यांच्या काखेखालून डोकावणाऱ्या सुलोचनाबाई.

"मुकुंदा?" संभाजीराव म्हणाले. "आणि... बाई? कान्होजी कुठाय?"

तेवढ्यात वही घेऊन एक सहायक आला. त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. "सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात पगडबंद म्हणून कोणाचं लिहू?"

सुलोचनाबाई अंगरख्यातून बाहेर आल्या. घामाघूम, केस विस्कटलेले. त्यांना भीती वाटत होती, खूप वाटत होती. कान्होजी म्हटलं असतं तर अजूनही काहीतरी सावरता आलं असतं, चंदेरीला धाडता आलं असतं, मारून टाकता आलं असतं. पण अकरा वर्षं गिळलेलं सगळं एकदम घशाशी आलं.

"लिहा," त्या म्हणाल्या, "सुलोचना सदाशिवराव. कान्होजी कोणी नाही. कधीच नव्हता. त्याच्या आधीची वीस वर्षंही मीच बांधत होते."

संभाजीरावांनी डोक्यावरची पगडी दोन्ही हातांनी काढली. "विधवेच्या हातची," ते म्हणाले. "अकरा वर्षं. आमच्या लेकरांच्या डोक्यावर. शुभकार्यात."

"हो, बांधली," बाई म्हणाल्या. "तुमच्या भावकीत अकरा वर्षांत सोळा लग्नं झाली, काकासाहेब. पंधरा पगड्या माझ्या हातच्या. त्यातला एक तरी संसार मोडला का? सांगा, कोणाचा मोडला?"

संभाजीरावांचा तोंडातल्या तोंडात हिशोब सुरू झाला, ओठ हलताना दिसत होते. ते एका नावापाशी थांबले.

"विक्रमसिंह," बाईच म्हणाल्या. विक्रमसिंह म्हणजे संभाजीरावांचा पुतण्या, ज्याची बायको सहा महिन्यांत माहेरी गेली ती परतलीच नाही. "आणि त्याने पगडी कुठून आणली होती? सिटी सेंटरमधून. तयार. चिकटपट्टीची."

कूलरवाल्याला परत हसू फुटलं, पण त्याने ते पिंपात तोंड घालून लपवलं. संभाजीराव मात्र हसले नाहीत. त्यांनी पगडी दाढीसकट स्टुलावर ठेवली आणि बंदरातून चालते झाले.

बाई घरी आल्या आणि देवापुढे बसून रडल्या. चूक झाली असं वाटत नव्हतं, पण दुकान गेलं होतं, आणि त्या दुकानाशिवाय दिवस कसा काढायचा हे त्यांना माहीत नव्हतं. मुकुंदराव दारात उभं राहून म्हणत राहिले, "माझी शिंक, वहिनी, माझ्या शिंकेने घात केला." बाईंनी त्यांनाही चहा दिला.

दुसऱ्या दिवशी, लग्नाच्या सकाळी, दुकान उघडतात न उघडतात तोच जीप येऊन थांबली. संभाजीराव उतरले. हातात पेटी. बाईंनी ओळखली, अंशुलच्या पगडीची.

संभाजीरावांनी पेटी ठोकळ्याशेजारी ठेवली. "ही पगडी नको."

"बरं," बाई म्हणाल्या. दुसरं काय म्हणणार?

"ही कान्होजीच्या नावाने आली होती. खोट्या माणसाच्या नावाची पगडी माझ्या नातवाच्या डोक्यावर नको." त्यांनी घसा खाकरला. बाईंकडे न बघता पडद्याकडे बघत ते म्हणाले, "रात्रभर एकेक पोरगं आठवत होतो. सगळी सुखात आहेत. मला झोप आली नाही, बाई. तुम्ही ही उलगडा आणि परत बांधा. इथे नाही. कार्यालयात, सगळ्यांसमोर, त्याच्या डोक्यावर. चला, गाडीत बसा."

बाई मंगल कार्यालयात पोचल्या तेव्हा सनई थांबली नाही, पण बायकांच्या बोलण्याचा आवाज खाली आला. आत्याबाई, मावश्या, काकवा कोपऱ्याकोपऱ्याने कुजबुजू लागल्या. एकीने आपल्या लहान मुलीला मागे ओढलं. नवरदेव अंशुल पाटावर बसला होता. तो म्हणाला, "काकू, आरामसे. अजून पाऊण तास आहे," आणि त्याने मान खाली घातली. बाईंनी उलगडलेलं कापड मांडीवर घेतलं.

पीळ द्यायचा तर कापडाचं दुसरं टोक कोणीतरी ताणून धरावं लागतं. दुकानात ते खिडकीच्या गजाला बांधता येतं. इथे गज नव्हता, माणसं होती. दीड-दोनशे. बाईंनी टोक पुढे केलं आणि विचारलं, "कोण धरतंय?"

कोणी पुढे येईना. पुरुष एकमेकांकडे बघू लागले. एकाला अचानक फोन आला. मुकुंदराव उठले, पण बाईंनीच डोळ्यांनी त्यांना बसवलं. त्यांची शिंक अजून लक्षात होती. हात पुढे धरून धरून बाईंचा दंड भरून आला, आणि त्यांना वाटलं, आता हे कापड गुंडाळावं आणि घरी जावं.

मग संभाजीराव उठले. उपरणं खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकलं, मांडवाच्या मधोमध आले, आणि ज्यांनी जन्मात कधी बायकोच्या लुगड्याचं टोक घडी घालायला धरलं नव्हतं, त्यांनी दोन्ही हातांनी ते टोक धरलं.

"ताणून धरा," बाई म्हणाल्या. "सैल सोडलंत तर पुन्हा पहिल्यापासून."

"धरलंय."

"मागे सरका."

ते एक पाऊल मागे सरले. "अजून," बाई म्हणाल्या. ते आणखी दोन पावलं मागे गेले. कापड लांबत गेलं, बाईंची बोटं पीळ देत राहिली. मागच्या खुर्च्या हलल्या, आत्याबाई उठून उभ्या राहिल्या, मावश्यांनी वाट करून दिली, आणि संभाजीराव मागे मागे जात मांडवाच्या दाराबाहेर गेले, वरातीच्या घोडीपर्यंत. अठरा घरांची माणसं बघत होती. बाहेरून त्यांचा खर्जातला आवाज आला, जरा दमलेला.

"एवढं पुरे का, सुलोचनाबाई?"

सुलोचनाबाईंनी कापडावरून हात फिरवून पाहिला. पुरेसं होतं. केव्हाचंच पुरेसं होतं.

"पुरे कसं, काकासाहेब?" त्या म्हणाल्या. "अजून मागे."